डावीकडं बसलेली रुख्मा

माझे भाऊजी हिरालाल यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, आणि त्यात त्यांच्या अकलेपेक्षा चिकाटीचा वाटा मोठा आहे. समोरचा माणूस थकतो, चहा पितो, घरी जातो. भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून माझ्या गिरणीवर येतात आणि काल जिथं थांबले होते तिथून पुढचं वाक्य बोलतात. गोंदियाजवळ मुर्रीत माझी धान भरडायची छोटी गिरणी आहे. मशीन सुरू असली की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे, तरी ते बोलतात. मी मान हलवतो, आणि त्या मान हलवण्याला ते माझी संमती समजतात.

त्यांचं सगळं आयुष्य लोकांना दुसरीकडचं काहीतरी दाखवण्यात गेलं. तरुणपणी त्यांनी व्हीसीआर घेऊन गावोगाव पिक्चर दाखवले. मग लग्नांची शूटिंग केली. त्या काळात गोंदियाच्या आसपास असा नवरदेव नसेल, ज्याच्या डोळ्यांवर भाऊजींनी लाइट मारला नाही. पुढं सीडीचं दुकान टाकलं. सीडी गेल्या तेव्हा लोकांच्या मोबाइलमध्ये गाणी भरून द्यायला लागले. मग मोबाइलवर सगळंच फुकट मिळायला लागलं, तेव्हा त्यांनी तो डोळ्यांवर बांधायचा डबा आणला. त्याला व्हीआर हेडसेट म्हणतात. डोळ्यांपुढं दोन भिंगं, त्यांच्यामागं पडदा. तो घातला की माणूस बसल्या जागी विमानात असतो नाहीतर समुद्रात, आणि मान वळवली की तिथली दुसरी बाजू दिसते.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा असतो. भाऊजी पुतण्या विक्कीला घेऊन एका मंडईतून दुसऱ्या मंडईत फिरतात, ताडपत्रीखाली खुर्च्या मांडतात आणि लोकांना विमानात बसवतात. विमानतळाला लागून असलेल्या बिरसीच्या मंडईत मात्र हा खेळ चालत नाही. तिथले लोक म्हणतात, शिकाऊ विमानं आमच्या धानावरून दिवसभर घिरट्या घालतात, आम्हाला विमान कसलं दाखवता, समुद्र दाखवा.

यातलं एकही यंत्र त्यांनी विकलं नाही. व्हीसीआर माझ्या बहिणीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला आहे. दसऱ्याला सगळी यंत्रं खाली येतात, पुसली जातात, त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. एका वर्षी बहिणीनं मोठ्या भक्तिभावानं हेडसेटच्या भिंगालाच कुंकू लावलं आणि पुढच्या मंडईत लोकांना समुद्र लाल दिसला. भाऊजी तिला रागावले नाहीत. नीट पुसलं नाही म्हणून विक्कीला रागावले.

प्रत्येक यंत्र विकणाऱ्यानं त्यांना हेच सांगितलं होतं की ही आता पुढची पिढी आहे. प्रत्येक पुढची पिढी शेवटी त्यांच्याच माळ्यावर येऊन झोपली. त्यामुळे ‘नेक्स्ट जनरेशन’ हे शब्द कानावर पडले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी स्वतःची एक कसोटी काढून ठेवलेली आहे आणि ती ते ओळखीच्या, अनोळखी, सगळ्यांना ऐकवतात.

“नवी पिढी कोनती? जे आल्यावर मानूस जुनं परत मागत नाही, ते. सीडी आली, कोनी कॅसेट परत मागतली नाही. ते पिढी. बाकी सारी रंगरंगोटी.”

कसोटी वाईट नाही. पण हे मी त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही, कारण मग ते रोज दोनदा येतील.

आता माझ्या बहिणीबद्दल. कुसुमबाई आमच्यात थोरली, आम्ही तिला नुसतं बाई म्हणतो. तिच्या पाठची रुख्मा आणि शेंडेफळ मी, इंद्रकुमार. आमचं गाव चिचगड, देवरीच्या पुढं, जंगलाच्या कडेला. कुसुमबाईला मुर्रीत दिलं, रुख्माला गावातच दिलं, आणि मी धंद्यासाठी बहिणीच्या मागं मुर्रीत आलो. चिचगडच्या मंडईला सासरी गेलेल्या सगळ्या लेकी येतात. दुपारी दंडार होते. पुरुषच बायकांची सोंगं घेऊन नाचतात, गातात, मधेच समोर बसलेल्या एखाद्याची खोड काढतात. ती बघायला बायका सकाळपासून बोरा, म्हणजे गोणपाट, टाकून आपली जागा धरतात. मोठ्या चिंचेखाली, बायकांच्या बाजूला, आमच्या घरच्या बोऱ्यावर माझ्या दोन्ही बहिणी वर्षानुवर्षं एकाच जागी बसत आल्या आहेत. उजवीकडं कुसुमबाई, डावीकडं रुख्मा, दोघींच्या मध्ये उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी. रुख्मा सोलते आणि दंडारीवरची नजर न काढता कुसुमबाईच्या तळहातावर शिंगाडा ठेवते. कुसुमबाईही बघत नाही. तळहात पुढं येतो, शिंगाडा पडतो, हात तोंडाकडं जातो. लग्न झाल्यापासून बाईनं ही जागा एकदाही चुकवलेली नाही. तान्हं पोर मांडीवर घेऊन बसली होती, एकदा तापातही बसली होती.

यंदा नवरात्रात ती मोरीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लांबचा प्रवास नाही आणि जमिनीवर बसणं तर मुळीच नाही. ती रडली असती तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पण ती रडली नाही. तिनं फक्त रुख्माला फोन लावला आणि म्हणाली, “यंदा मायी जागा धरू नोको वो. कोनी पाहुनी आली तं बसव.”

“कोनाले नाही बसवत,” रुख्मा तिकडून म्हणाली. “जागा तुयी हाय.”

मी तिथंच उभा होतो. मला ते ऐकवलं नाही, म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. भाऊजी माझ्या मागोमाग आले. बायकोचं दुःख बघून माणसं देवाला नवस बोलतात. हे म्हणाले, “मंडई इकडे आनाची. गोल कॅमेरा हाय आपल्याजवर. चारही बाजू एकदमच उचलते. हिले खुर्चीवर बसवून डबा घालून देऊ.”

गोष्ट इथंच सरळ मार्गी लागली असती, पण त्याच आठवड्यात विक्की रायपूरच्या एका ओळखीच्याकडून थोडे दिवस वापरून पाहायला नवा हेडसेट घेऊन आला. विक्की लग्न झालेला, समजदार गडी आहे. एरवी तो मोठेबाबांसमोर, म्हणजे भाऊजींसमोर, मान खाली घालून असतो. पण नवं यंत्र हातात आलं की त्याच्या अंगात येतं.

कुसुमबाईच्या खुर्चीसमोर, अंगणातच, वाद सुरू झाला.

“मोठेबाबा, जुन्या डब्यात फक्त समोरचं दिसते,” विक्की म्हणाला. “दोन्ही बाजूले काळं. घान्याच्या बैलाले झापड बांधतात तसं. या नव्यात कानापर्यंत दिसते. सीधी बात आहे, ही असली नेक्स्ट जनरेशन.”

“झापड मोठं केलं म्हनून बैल घान्यातून सुटला का?”

“मोठं नाही केलं, काढून टाकलं.”

“काढलं तं मंग डोस्क्यावर ही वीट कायले हाय?” भाऊजींनी हेडसेट हातात तोलला. खरोखर जड होता तो. “चित्र साफ झालं? नाही. वजन कमी झालं? उलट वाढलं. तार गेली? आनखी जाड झाली. कॉम्प्युटर तापून राहिला, काठावर मानूस वाकडा दिसून राहिला. काय झालं तं रुंद झालं. बांधी रुंद केली म्हनून धानाची जात बदलते का रे?”

बांधी म्हणजे आमच्याकडचा बांध घातलेला धानाचा तुकडा. हा टोला मला आवडला, पण मी चेहरा सरळ ठेवला.

विक्कीही कमी नव्हता. “तुमी रस्त्यानं सायकल चालवता, बाजूनं ट्रक येते. तुमी मान वळवून पाहता का? नाही पाहत. डोळ्याच्या कोपऱ्यातून समजते. आपन जगात असतो ते त्या कोपऱ्यामुळे. समोरचं तं टीव्हीतही दिसते.”

“त्याच कोपऱ्यानं चक्कर बी येते,” भाऊजी म्हणाले. “काल याच्यात एकाले झुल्यावर बसवलं. धट्टाकट्टा मानूस. सारी जिलेबी माह्या ताडपत्रीवर. जुन्यात झालं का असं कधी? समोरचं हललं तं मानूस सहन करते, बाजूचं हललं का पोट हलते.”

“झुल्यावर बसवलं म्हनून झालं ते. बोऱ्यावर बसवा. बोरा हलते का?”

यावर भाऊजी क्षणभर थांबले. ते थांबलेले मी फार कमी वेळा पाहिलेत. मी संधी साधून म्हणालो, “नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी पाहू.”

“तू चूप,” दोघं एकदम म्हणाले.

“तुमचं झालं असन तं मले कोनी पानी द्या,” कुसुमबाई म्हणाली.

मंडईच्या दिवशी आम्ही तिघं चिचगडला गेलो. गाडी मी चालवली, कारण त्या दोघांच्या हातात दिली असती तर वादात ती नाल्यात गेली असती. बाईजवळ शेजारची प्रेमिला थांबली. गावात पोचेस्तोवर चिंचेखाली बोऱ्यांची गर्दी झाली होती. विक्कीनं दंडारीच्या अगदी समोर, मधोमध, जिथं गावचे मानकरी बसतात तिथं उंच स्टँड रोवला आणि वर कॅमेरा चढवला. शूटिंग करणारा कोणीही तेच करेल. भाऊजींनीही आयुष्यभर तेच केलं.

तेवढ्यात रुख्मा आली. लुगड्याचा पदर खोचलेला, हातात शिंगाड्यांची पिशवी.

“हे कोनासाठी लावून राहिले?” तिनं विचारलं.

“मोठीआईसाठी, मावशी,” विक्की म्हणाला. “एकदम फर्स्टक्लास जागा आहे. कोनाचं डोस्कं आडवं येत नाही.”

“हे मानकऱ्यायची जागा हाय. बाईनं जन्मात इथून दंडार पाह्यली नाही. तिची जागा तिकडे हाय.”

ती पुढं आणि आम्ही मागं. बायकांच्या बाजूला घरचा बोरा टाकलेला होता आणि त्यावर उजवीकडची जागा रिकामी होती. तिथं तिनं एक वीट ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून. तिनं वीट उचलली, जमिनीपासून आपला तळहात वर नेत नेत एका ठिकाणी थांबवला आणि म्हणाली, “बाईचं डोस्कं इथपर्यंत येते.”

विक्कीनं समोर पाहिलं. बायकांचे अंबाडे, मंडपाचा एक बांबू, कुणाचं तरी रडणारं पोर. “मावशी, अर्धी दंडार झाकून जाईन.”

“तिले दरवर्षी अर्धीच दिसते.”

ज्या माणसानं लग्नाच्या शूटिंगमध्ये वधूपित्यालाही बाजूला ढकललं, तो माणूस आता काय म्हणतो म्हणून मी भाऊजींकडं पाहिलं. ते खाली बसले आणि स्टँडचे पाय आत सारत सारत कॅमेरा बरोबर रुख्माच्या तळहाताच्या उंचीवर आणला.

विक्कीनं शेवटचा प्रयत्न केला. “मावशी, मग तुमी तरी थोड्या सरकून बसा. कॅमेरा दोन चित्रं जोडते. इतक्या जवर बसल्या तं जोडाची शिवन तुमच्या अंगावर येईन.”

“मंग कुठं बसू? मानकऱ्याच्या मांडीवर?” असं म्हणून ती कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला आपल्या नेहमीच्या जागी बसली. आजूबाजूच्या बायका हसल्या आणि तो प्रश्न तिथं मिटला.

दंडार सुरू झाली. मी मागं चिंचेला टेकून उभा होतो. यंदाचं सोंग चांगलं रंगलं होतं आणि लोकांचं सगळं लक्ष समोर होतं. रुख्माचंही होतं. तिनं पिशवीतून शिंगाडा काढला, दातानं टोक मोडलं, सोललं आणि नजर समोर ठेवूनच उजवा हात बाजूला केला. हात कॅमेऱ्याजवळ जाऊन थांबला. कुणी शिंगाडा घेतला नाही. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं आजूबाजूला बघितलं, कोणी पाहिलं का म्हणून, आणि शिंगाडा आपल्याच तोंडात टाकला. थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. पुढंही होत राहिलं. हाताची सवय डोक्याच्या आधी धावत होती. मी तोंड फिरवून ऊसवाल्याकडं बघत राहिलो आणि हे कोणाला सांगितलं नाही.

निघताना रुख्मानं गाडीत शिंगाड्यांची मोठी पिशवी टाकली. “बाईले द्या. तिले म्हना, दंडार बरी होती, पन मागच्या वर्षीसारखी नव्हती.” दंडार मागच्या वर्षीपेक्षा चांगली झाली होती हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरी आल्यावर विक्की कॉम्प्युटरवर बसून चित्रं जोडत राहिला. रुख्माचा एक कान शिवणीत गेला, तो काही केल्या परत येईना. भाऊजी मागं उभे राहून म्हणत होते, “हे पाहा तुयी पुढची पिढी. मानसाचा कान खाऊन गेली.” विक्की म्हणाला, कान कॅमेऱ्यानं खाल्ला, हेडसेटनं नाही. मग कॅमेऱ्याचा दोष कोणाचा यावर एक संध्याकाळ गेली.

परीक्षेचा दिवस ठरला रविवार. कुसुमबाईला हातांच्या खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. भाऊजींनी अट जाहीर केली. आधी जुना हेडसेट, मग नवा. दोन्ही पाहून झाले की तिनं सांगायचं, कोणता परत पाहिजे. तिनं जुना मागितला तर विक्कीनं मुकाट्यानं तो नवा रायपूरला परत करायचा. नवा मागितला तर भाऊजी हरले. विक्कीनं मान्य केलं. बाईला कोणी विचारलंच नाही. ती म्हणाली, “लावा आता, का नुसतं बोलतच राहनार.”

जुना हेडसेट घातल्याबरोबर तिच्या तोंडावर हसू आलं. “अगा माय, तोच ढोलकीवाला हाय. अजून जिवंत हाय का हा?” मग सोंगाड्याच्या एका बोलण्यावर ती खळखळून हसली. भाऊजींनी विक्कीकडं असं पाहिलं, जसं काही दंडार त्यांनीच बसवली होती.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “रुख्मा कुठं हाय?”

“डावीकडं मान वळवा, मोठीआई,” विक्की म्हणाला.

तिनं मान वळवली. “हाय वो माय. हे काय बसली.” चेहरा फुलला. मग ती म्हणाली, “पन दंडार गेली.” मान समोर केली. “दंडार आली, रुख्मा गेली.” असं दोन-तीनदा इकडं तिकडं झालं. मग तिनं मान समोरच ठेवली. आधीसारखी हसलीही नाही.

“काय झालं?” भाऊजींनी विचारलं.

“काही नाही जी. चांगलं हाय.” थोडं थांबून म्हणाली, “पाहुनीकडे पाहावं तसं तिच्याकडे वळू वळू कायले पाहू? मी मंडईत रुख्माले कधी पाहतच नाही. ते बाजूले राहते.”

विक्कीनं जुना हेडसेट उतरवला आणि नवा हातात घेतला. भाऊजींनी तो त्याच्याकडून घेतला. वजन तिच्या मानेवर येऊ नये म्हणून कपाळाशी घडी केलेला पंचा ठेवला, पट्टे सैल केले, पुन्हा आवळले. “जड झालं तं सांग,” म्हणाले. तार तिच्या पायात येऊ नये म्हणून स्वतःच्या हातात धरून ते तिच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसले.

चित्र सुरू झालं. बाईनं एकदा श्वास घेतला आणि पाठ उशीवर टेकवली. तिनं मान वळवली नाही. रुख्मा कुठं आहे हे विचारलं नाही. ती दंडार बघत होती. सोंगाड्यावर हसत होती, आणि हसताना डावीकडं थोडी कलत होती, माणूस शेजारच्याला धरून हसतो तशी. आम्ही तिघं तिच्याकडं बघत होतो.

मग खुर्चीच्या हातावरून तिचा डावा हात उठला. तळहात उघडा, डावीकडं. नजर समोरच.

विक्कीला वाटलं तिला पाणी पाहिजे, म्हणून तो तांब्याकडं वळला. मला ठाऊक होतं तिला काय दिसलं. रुख्माचा हात आला होता. आणि भाऊजींना मी काही सांगितलेलं नव्हतं, तरी त्यांनाही ठाऊक होतं. जावई म्हणून किती वर्षं ते त्या चिंचेखाली उभे राहिले असतील. त्यांनी तार मांडीवर ठेवली, टेबलावरच्या पिशवीतून एक शिंगाडा घेतला, घाईघाईनं सोलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. हात तोंडाकडं गेला.

तिनं चावलं, थांबली, आणि जिभेवरचा सालीचा तुकडा बोटानं काढला. “रुख्मा सालीसंग देत नाही,” हेडसेट न काढताच ती म्हणाली.

भाऊजींनी दुसरा शिंगाडा नीट सोलला. हात पुन्हा आला, त्यांनी तो ठेवला. या वेळी ती नुसती खात राहिली आणि दंडार बघत राहिली. चित्र संपेपर्यंत त्या खोलीत ढोलकीचा आवाज आणि शिंगाड्याची साल मोडल्याचा आवाज, एवढंच होतं. मला इतकं बरं वाटत होतं की गिरणीत धान घेऊन लोक थांबले असतील याचं मला भान राहिलं नाही.

हेडसेट उतरवला तेव्हा तिच्या कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता आणि डोळे ओले होते. पण तोंडावर मंडईहून आलेल्या बाईचा थकवा होता, समाधानाचा. तिनं आधी रुख्माला फोन लावायला सांगितला.

“दिसलं का बाई?” रुख्मानं विचारलं.

“सारं दिसलं. माये शिंगाडे तू खाल्ले तेही दिसलं.”

पलीकडं रुख्मा हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. “तू घेतच नव्हती वो,” ती म्हणाली. कुसुमबाईही हसली. मग दोघी कुणाच्या सुनेनं कोणतं लुगडं नेसलं होतं यावर बोलत बसल्या, आणि त्यात बराच वेळ गेला.

फोन ठेवल्यावर विक्कीनं खाकरून घसा मोकळा केला. “मोठेबाबा, बोला आता.”

“काठाले मानूस अजून वाकडाच दिसते,” भाऊजी म्हणाले. “वजन बी जास्त हाय. तिच्या कपायावरचा वळ पाह्य.” मग त्यांनी दोन्ही हेडसेट बाईसमोर धरले, एकेका हातात एकेक, कारण कसोटी म्हणजे कसोटी. “सांग. कोनता परत पाह्यजे?”

बाईनं दोन्हीकडं बघितलं. “हा मोठावाला,” ती म्हणाली. “अन् तुमी आज बसले होते तिथंच बसा जी.”

भाऊजी हेडसेटची तार गुंडाळायला लागले. मी म्हटलं, उद्या सकाळी बोलतील. आज रात्रभर विचार करून रुंद आणि पिढी यांतला कुठला तरी नवा फरक शोधतील आणि माझं डोकं खातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिरणीवर आले नाहीत. मी मशीन सुरू केली आणि एकदोनदा उगाच दरवाजाकडं पाहिलं. दुपारी राहवलं नाही, तेव्हा गिरणी बंद करून त्यांच्या घरी गेलो. कुसुमबाई खुर्चीत बसलेली होती, डोळ्यांवर तो जड हेडसेट, आणि त्याच्या वरच्या पट्ट्यावर हळदकुंकवाचं बोट. भिंगाला लावलं नव्हतं. भाऊजी तिच्या डावीकडं स्टुलावर बसले होते. मांडीवर सुपात शिंगाडे होते, आणि ते एकेक शिंगाडा सोलून, उजेडाकडं धरून, कुठं साल राहिली का ते बघत होते.